खाली बसवलेल्या गाडीचे टायर आणि अक्कलकोट रोडवरचे एक अलाइनमेंट सेंटर

आखूड स्प्रिंग घालून गाडी तीसेक मिलिमीटर खाली बसवली की ती देखणी दिसते खरी, पण पुढच्या टायरांची आतली कड बाहेरच्या कडेच्या कितीतरी आधी झिजून जाते, हे सोलापुरातल्या हौशी गाडीवाल्यांना सांगायला नको. दुकानात तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते : कंपनीच्या स्प्रिंग परत घाला, नाहीतर टायर बदलत राहा. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक अलाइनमेंट सेंटर, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवून देणारे दुकान, आहे. टॉवेल-चादरींचा माल वाहणारे टेम्पो हे तिथले मुख्य गिऱ्हाईक. तिथे मला हे उत्तर मिळाले नाही, उलट टायर नेमका कशाने झिजतो याचे कारण शोधून मिळाले.

माझी गाडी स्विफ्ट, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई). याआधी दुसऱ्या एका ठिकाणी अलाइनमेंट करून घेतले होते. तिथे स्टिअरिंग सरळ करून दिले, कागद काही दिला नाही, आणि आतली कड पूर्वीच्याच वेगाने झिजत राहिली. इथल्या मिस्त्रींनी यंत्राला हात लावण्याआधी टायरवरून तळहात आडवा फिरवला, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका दिशेने नक्षी गुळगुळीत लागत होती, उलट दिशेने करवतीसारखी बोचत होती. ‘कॅम्बरने टायर असा बोचत नाही, हा टो आहे,’ एवढेच ते म्हणाले. कॅम्बर म्हणजे चाक उभ्या रेषेपासून किती झुकले आहे ते, आणि टो म्हणजे दोन्ही चाके पुढून किती आत वळली किंवा बाहेर फाकली आहेत ते.

हा निष्कर्ष माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, कारण गाडी खाली बसवणाऱ्यांची सगळी भीती कॅम्बरची असते. चाक वरच्या बाजूने आत झुकलेले डोळ्यांना दिसते, त्यामुळे दोष त्याच्यावर जातो. प्रत्यक्षात एक-दीड अंशाच्या अशा आतल्या झुकण्याने, म्हणजे ऋण कॅम्बरने, आतली कड झिजते, पण सावकाश. टायर झपाट्याने खातो तो टो. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) या दोघांचे कोन बदलतात, पण ते सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, आणि स्टिअरिंगला कोणी हात न लावताही चाकांची दिशा फिरते. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील आणि मागच्या कडांमधील अंतरात अवघा ३ मिमी फरक पडला, तर ६२० मिमी व्यासाचे प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवे घासले जाते. सोलापूरहून पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरांत हे घासणे सहाशे मीटरांच्या घरात जाते. चाके पुढून बाहेर फाकलेली असतील, तर त्याचा मार आतल्या कडेवर बसतो. त्यात ऋण कॅम्बरची भर पडली की ती कड झिजून टायरच्या आतल्या तारेपर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर अजून चांगलाच दिसत असतो.

मोजमापाआधीची तयारी मला विशेष आवडली. चारही टायरांची हवा सारखी करणे, चाक उचलून वर-खाली आणि आजूबाजूला हलवून बॉल जॉइंट व टाय रॉड एंड या सांध्यांमधील ढिलाई पाहणे, एवढे तर कुठेही व्हायला हवे. इथे त्यापुढे जाऊन लोअर आर्मचे बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी असताना दाबून तिच्या उंचीवर बसू दिली आणि मग ते पुन्हा आवळले. स्प्रिंग बदलताना गाडी लटकत्या अवस्थेत असते आणि बोल्ट तशातच आवळले, तर बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातले, रबर कायमचे पिळलेले राहते. ते गाडीची उंचीही नीट बसू देत नाही आणि लवकर फाटते. हे काम माझ्या गाडीवर आधी कोणीच केलेले नव्हते.

पुढे क्रम बरोबर पाळला गेला : आधी मागच्या चाकांचे मोजमाप, मग पुढचा कॅम्बर, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. छापील कागदावर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे असतात. माझ्या कागदावर कॅम्बर शेवटपर्यंत लाल रंगातच राहिला, कारण यंत्रातील मर्यादा कंपनीच्या मूळ उंचीसाठी असतात. डाव्या-उजव्या चाकांतील फरक किरकोळ असल्याने गाडी एका बाजूला ओढणार नाही, तेव्हा कॅम्बर बदलू देणाऱ्या खास बोल्टांचा खर्च तूर्त करू नका, असे मिस्त्रींनी स्वतःहून सांगितले. विकता येणारी वस्तू न विकणारा दुकानदार भेटला की मला आधी संशय येतो. इथे तो टिकला नाही, कारण त्यानंतर पुढचे टायर नक्षीच्या पूर्ण रुंदीवर जवळजवळ सारखे झिजत आहेत.

उणिवाही आहेत. टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांचा कोन बोल्ट फिरवून बदलत नाही, त्यासाठी ॲक्सल आणि हबच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते, आणि ती इथे कधीच तयार नसते. दर शहरातल्या साध्या अलाइनमेंटच्या दुपटीच्या आसपास जातो. टेम्पोंची रांग लागली की छोट्या गाडीला दुपार होते, आणि बसायला पत्र्याखालची एक बाकडी. मे महिन्यात तिथे थांबणे म्हणजे शिक्षाच.

टायर फिरवण्याबाबतचा, म्हणजे त्यांच्या जागा आपसात बदलण्याबाबतचा, त्यांचा सल्ला मी थोडा बदलून पाळतो. ते दर दहा हजार किलोमीटरला सांगतात. खाली बसवलेल्या गाडीला मला सहा-सात हजार योग्य वाटते, आणि टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर पुढचे मागे एवढेच करता येते, बाजू बदलता येत नाही. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी, कारण सोलापूरच्या दुपारी तापलेल्या टायरचा आकडा तीन-चार पीएसआयने सहज फुगलेला असतो. नव्या स्प्रिंग घातल्या असतील तर काही शे किलोमीटर चालवून त्या बसल्यावरच इथे जावे. पुढचा बंपर फारच खाली असेल तर आधी फोन करावा, म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी लाकडी फळ्या टाकून ठेवतात.