बायपासनंतरचा व्यायाम: वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड सांधण्यास साधारण 8 ते 12 आठवडे लागतात, हे ध्यानात ठेवून येथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी माझ्या वडिलांना यंत्रांकडे न नेता आधी 6 मिनिटांची चालण्याची चाचणी घेतली, आणि चालताना धाप लागून वाक्य तुटू लागले तर वेग कमी करायचा, हा नियम त्यांच्याकडून रोज घोटवून घेतला. खोकताना छातीशी उशी घट्ट धरणे, खुर्चीतून उठताना हातांवर भार न देणे, ही शिकवण मला सर्वांत मोलाची वाटली. जोर मारण्याचा व्यायाम आणि जड वजने शल्यविशारदांच्या लेखी परवानगीशिवाय त्या देत नाहीत, हे योग्यच आहे. जिना मात्र फार उंच आहे. अशा रुग्णांसाठी लिफ्ट हवीच. आता बाबा कमाटी बागेत रोज अर्धा तास चालतात.