चौदा महिने, 27,000 किलोमीटर : मोठ्या एसयूव्हीत डिझेल घेतलं, त्याचं पुढे काय झालं

गाडी घेताना मी एकच हिशेब केला होता. वर्षाला रनिंग किती? भरपूर. मग डिझेल. सगळे हेच सांगतात, मीही आजवर चार जणांना हेच सांगितलं असेल. चौदा महिन्यांनंतर वाटतं, हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायला हवं होतं ते हे, की एकदा सुरू केल्यावर गाडी सलग किती वेळ चालते.

गाडी तीन रांगांची, सात जणांची, रिकामी असताना अडीच टनांच्या आसपास. इंजिन तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो (म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा असलेलं) डिझेल, गिअर ऑटोमॅटिक. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे ते या वर्गातल्या जवळपास प्रत्येक नव्या डिझेलला लागू पडतं. तुलनेला माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, तेच मॉडेल, पण टर्बो पेट्रोल. एक आठवडा आम्ही गाड्यांची अदलाबदल करूनही पाहिली.

आधी कौतुक. सात माणसं, टपावर सामान आणि समोर लांबलचक चढ असला की डिझेल काय चीज आहे ते कळतं. 1,600-1,700 आरपीएमवर गाडी शांतपणे वर जात राहते. पाय दाबावा लागत नाही, नुसता टेकवला तरी पुरतो. त्याच चढावर पेट्रोल दोन गिअर खाली उतरतं आणि आवाज चढवतं. वर मात्र तेच आधी पोचतं, हेही खरं. ओव्हरटेकला पेट्रोलची गाडी जशी सुटते तशी माझी सुटत नाही.

आणि 'ओढ हवी तर डिझेलच' हे वाक्य आता जुनं झालंय. 2021 मध्ये आलेल्या टोयोटाच्या लँड क्रूझर 300 चे आकडे बघा. तिचं 3.3 लिटरचं डिझेल 309 पीएस ताकद आणि 700 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं, तर 3.5 लिटरचं पेट्रोल 415 पीएस आणि 650 न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्क थोडाच कमी, ताकद शंभरावर जास्त. जुन्या बिनटर्बो पेट्रोलची गोष्ट वेगळी होती. उंचीवर हवा विरळ झाली की दर 1,000 मीटरला त्याची साधारण दहा टक्के ताकद जायची. टर्बो आल्यापासून ती रड बरीचशी मिटली.

मग फरक राहतो अ‍ॅव्हरेजचा, आणि तो मोठा आहे. हायवेला माझी गाडी लिटरला 11 किलोमीटरच्या पुढे जाते, मेव्हण्याची 8 ला अडखळते. मागे ट्रेलर जोडला तेव्हा मी 8.5 वर होतो, तो 5 वर. (आम्ही दोघंही टाकी फुल करून काढतो, स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास नाही.) यातला काही भाग इंजिनाची करामत नाहीच. एक लिटर डिझेलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. बाकीचं श्रेय जास्त कॉम्प्रेशनला (सिलिंडरमध्ये हवा जास्त दाबली जाते त्याला) आणि कमी जोर लागतो तेव्हा डिझेल फारच थोडं इंधन घेतं त्याला. उलट टर्बो पेट्रोलवर सतत जोर पडला की एक्झॉस्ट थंड ठेवायला ते गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतं. ट्रेलर लावल्यावर मेव्हण्याचा चेहरा उतरतो तो त्यामुळे.

पहिले आठ महिने ऑफिस बरंच लांब होतं, रोज एका दमात मोठा पल्ला व्हायचा. गाडीबद्दल एक तक्रार नव्हती. मग घर बदललं. आता ऑफिस सहा किलोमीटरवर, आणि रनिंग भरून काढतात त्या वीकेंडच्या फेऱ्या. महिन्याची बेरीज फार घटली नाही, पण गाडीचं वागणं बदललं.

डिझेल हे उष्णता कमी वाया घालवणारं इंजिन, म्हणून ते तापायलाही वेळ घेतं. सहा किलोमीटरमध्ये पाण्याचा काटा जेमतेम मधे येतो, तेल तर त्याहून मागे. एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला त्याच्या आत 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ते यावं म्हणून इंजिन थोडं जादा डिझेल उशिरा फवारतं. हे पंधरा-वीस मिनिटं सलग चालायला हवं, आणि माझा प्रवास बारा मिनिटांत संपतो. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहिला, जळकट वास आला, की समजायचं आज मधेच तोडलं. पूर्वी ही जाळणी सहाशे किलोमीटरनी एकदा व्हायची, आता दोनशेला होते.

दहाव्या महिन्यात डीपीएफचा लाइट लागला. सर्व्हिस सेंटरचं निदान एका वाक्यात: 'साहेब, गाडी जरा पळवत जा.' मला खरा धक्का बसला तो घरी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढल्यावर. तेल कमी होण्याऐवजी वाढलं होतं, वरच्या खुणेच्या चांगलं वर. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळणीतलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पातळ झालेल्या ऑइलने टर्बोचं बेअरिंग झिजतं, हे वेगळं सांगायला नको. ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी ऑइल बदललं, आणि तेही कमी राखेचंच. काजळी जळून जाते, पण ऑइलमधून येणारी राख फिल्टरमध्ये कायमची बसते.

पेट्रोल अगदी साधुसंत नाही. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या मागे कार्बन साठतो, छोट्या फेऱ्यांत त्याच्याही ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. पण त्याचा एक्झॉस्ट मुळात गरम, त्यामुळे फिल्टर असला तरी तो सहसा आपोआप साफ होत राहतो. मेव्हणा रोज चार किलोमीटर चालवतो आणि बॉनेट उघडत नाही.

अ‍ॅडब्लू, म्हणजे एक्झॉस्टमधले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव. त्याचा त्रास मला वाटला होता तेवढा नाही. 32.5 टक्के युरिया, बाकी पाणी. मला हजार किलोमीटरला लिटरभर पुरतं. सांडलं की पांढरे खडे जमतात, लगेच पुसायचं. उणे 11 अंशाला ते गोठतं, पण टाकीत हीटर असतो. सूचना दुर्लक्षित केली तर मात्र उलटी मोजणी सुरू होते आणि शून्यावर गाडी पुन्हा स्टार्ट होत नाही. दुसरी धास्ती पंपावरची. पेट्रोलचं नोझल बारीक असल्याने ते डिझेलच्या टाकीत आरामात जातं आणि इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या हाय-प्रेशर पंपाचं वंगणच निघून जातं. मी झाकणावर मोठ्या अक्षरात डिझेल लिहिलंय, तरी खाली उतरून बघतोच.

शहरांचे नियम घेण्याआधी बघा. लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये (धूर जास्त असलेल्या गाड्यांकडून पैसे घेणारा भाग) पेट्रोलला धुराच्या युरोपीय निकषांपैकी युरो 4 पुरतं, डिझेलला त्याहून कडक युरो 6 लागतं. अशा ठिकाणी जुनं डिझेल आधी अडतं आणि विकताना भावही आधी पडतो.

डिझेल आणि पेट्रोल गाडीच्या किमतीतल्या फरकाचा हिशेब मी आता असा करतो. किलोमीटरमागे वाचणाऱ्या इंधनातून अ‍ॅडब्लू आणि लवकर बदललेलं ऑइल वजा करायचं, आणि उरेल त्याने जास्त मोजलेल्या रकमेला भागायचं. जुन्या रस्त्यावर माझे पैसे चार वर्षांत वसूल झाले असते. आताच्या वापरात सात तरी लागतील.

विकणार आहे का? नाही. ट्रेलर आणि लांबचे चढ अजून आहेत, त्यासाठी हेच इंजिन हवं. बदल एवढाच, की ऑफिसला बायकोची छोटी पेट्रोल गाडी नेतो आणि ही दर रविवारी तासभर हायवेला जाते. मधे पंखा घोंघावताना ऐकू आला तर घरासमोरून पुढे निघून जातो आणि काम संपलं की मगच परततो. परवा डिपस्टिक काढून पाहिली, तेल वरच्या खुणेच्या किंचित खालीच आहे.