आर्गो: महासागराच्या मोजमापांची खुली डेटासेवा आणि तिचे परीक्षण

हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय अहवालांत महासागराविषयी जी विधाने ठामपणे केलेली असतात, त्यांच्या मुळाशी असलेली मोजमापे कोणालाही एक पैसाही न मोजता घरबसल्या उतरवून घेता येतात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. आर्गो या फ्लोटच्या जागतिक जाळ्याची डेटासेवा मी अरबी समुद्राच्या अभ्यासासाठी नियमितपणे वापरतो. ज्या सेवेवर आयपीसीसीसारखी (हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळासारखी) संस्था विसंबते, तिचे गुणदोष वापरणाऱ्याच्या बाजूनेही मांडले जावेत, म्हणून हे परीक्षण.

आर्गोचा फ्लोट हा साधारण माणसाच्या उंचीचा, नळकांड्याच्या आकाराचा उपकरणसंच असतो. आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलून किंवा परत आत ओढून तो आपले आकारमान बदलतो आणि त्यानुसार वर येतो किंवा खाली जातो. एरवी तो १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतो. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून तो वर येऊ लागतो, वाटेत तापमान, क्षारता आणि दाब मोजतो व पृष्ठभागावर पोहोचल्यावर सर्व नोंदी उपग्रहामार्फत पाठवतो. नोव्हेंबर २००७ मध्ये या जाळ्याने ३,००० फ्लोटचा टप्पा गाठला. आज तीसएक देशांचे मिळून सुमारे ४,००० फ्लोट कार्यरत असतात. प्राथमिक तपासणी झालेल्या नोंदी साधारण चोवीस तासांत फ्रान्समधील ब्रेस्ट आणि कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील दोन जागतिक केंद्रांवर उपलब्ध होतात. हिंदी महासागराचे प्रादेशिक केंद्र हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात आहे.

अरबी समुद्रातील एखाद्या फ्लोटची फाईल उघडली, की पृष्ठभागावर २८ अंशांच्या आसपासचे उबदार आणि ३६ हून अधिक क्षारतेचे (म्हणजे किलोभर पाण्यात साधारण तितके ग्रॅम क्षार असलेले) पाणी दिसते, पुढे तापमान झपाट्याने उतरते आणि २,००० मीटरवर ते जेमतेम तीन अंशांच्या घरात येते. बंगालच्या उपसागरातील फाईल शेजारी ठेवली, तर नद्यांच्या आणि पावसाच्या पाण्याने तेथील वरचा थर किती कमी खारा झाला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मला मात्र या आकड्यांपेक्षा त्यांच्या शेजारचा स्तंभ अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक मोजमापाला तेथे दर्जाची खूण दिलेली असते: १ म्हणजे विश्वासार्ह, ४ म्हणजे सदोष. सदोष आकडा पुसून टाकलेला नसतो, तो सदोष म्हणून जागेवर ठेवलेला असतो. शिवाय मूळ मोजमाप आणि तज्ज्ञांनी सुमारे वर्षभराने तपासून दुरुस्त केलेले मूल्य, अशी दोन्ही एकाच फाईलमध्ये मिळतात.

ही शिस्त किती आवश्यक आहे, हे २००६ साली दिसून आले. महासागराचा वरचा थर २००३ नंतर थंड झाल्याचा निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याची बरीच चर्चा झाली. पुढच्याच वर्षी त्याच संशोधकांनी कारण शोधून काढले: काही फ्लोटच्या नोंदी चुकीच्या खोलीशी जोडल्या गेल्या होत्या आणि जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या उपकरणांच्या नोंदी प्रत्यक्षाहून उबदार होत्या. नोंदी खुल्या होत्या आणि कोणता आकडा कोणत्या फ्लोटचा हे माहीत होते, म्हणूनच हा शोध लागू शकला.

आयपीसीसी स्वतः मोजमापे करीत नाही. प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे ती मूल्यमापन करते. वेगवेगळ्या देशांतील संशोधकगट आर्गोच्या आणि त्याआधीच्या जहाजी नोंदींतून महासागरातील उष्णतेचा अंदाज स्वतंत्रपणे काढतात, त्यांची तुलना होते आणि त्यातून विधानाची खात्री ठरते. २०२१ च्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळात हवामान व्यवस्थेत साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९१ टक्के महासागरात गेली आणि त्याच काळातील समुद्रपातळीच्या वाढीपैकी निम्मी वाढ पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे झाली. यांतील आरंभीच्या दशकांच्या नोंदी विरळ आहेत; दक्षिण महासागरात तर हिवाळ्यात जहाजे क्वचितच जात. गेल्या दोन दशकांचे अंदाज एकमेकांच्या इतके जवळ येतात, त्याचे मोठे श्रेय आर्गोला द्यावे लागेल.

उणिवा गंभीर आहेत. महासागरातील जवळजवळ निम्मे पाणी २,००० मीटरच्या खाली आहे. ६,००० मीटरपर्यंत जाणारे फ्लोट तयार झाले असले, तरी त्यांची संख्या अद्याप अपुरी आहे, आणि प्राणवायू, आम्लता, नायट्रेट इत्यादी मोजणाऱ्या फ्लोटविषयीही तेच म्हणता येईल. आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने मोठी अडचण अशी, की मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन फार रुंद आणि उथळ असल्याने हे फ्लोट तेथे जवळपास येतच नाहीत. कोकणातला मच्छीमार ज्या पाण्यात जाळे टाकतो, त्या पाण्याबद्दल ही सेवा फारसे काही सांगू शकत नाही. गेल्या दशकात क्षारतामापकांच्या काही संचांत वाचन हळूहळू वाढत जाण्याचा दोषही आढळला. बॅटरी चार-पाच वर्षांत संपत असल्याने दरवर्षी शेकडो नवे फ्लोट सोडावे लागतात, आणि निम्म्याच्या आसपास फ्लोट एकट्या अमेरिकेचे असल्याने तेथील निधीत कपात झाली, तर सगळ्या जगाच्या नोंदींत खंड पडेल. इतक्या मोलाच्या सेवेचा भार असा एका देशाच्या अंदाजपत्रकावर राहणे मला अत्यंत चिंतेचे वाटते.

नवख्या माणसाला नेटसीडीएफ (वैज्ञानिक नोंदी साठवण्याच्या एका प्रकारातली) फाईल आणि लांबलचक इंग्रजी पुस्तिका सुरुवातीला जड जाते. पायथन ही संगणकभाषा येत असेल, तर 'आर्गोपाय' ही मोफत लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, ते ओझे बरेच हलके करते. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवेन, पण दीर्घकालीन कल काढायचा असेल, तर फक्त 'डी' अक्षराने सुरू होणाऱ्या, म्हणजे पूर्ण तपासलेल्या फायली घ्याव्यात. संपूर्ण संग्रहाची प्रत दर महिन्याला कायमस्वरूपी क्रमांकासह जतन केली जाते. आपण कोणत्या महिन्याची प्रत वापरली, तो क्रमांक प्रकल्पात अवश्य नोंदवावा, म्हणजे पुढे एखाद्या फ्लोटच्या नोंदी दुरुस्त झाल्या, तरी आपले गणित दुसऱ्या कोणालाही जसेच्या तसे करून पाहता येईल.