जुना प्रिसिजन की जुना जॅझ, नीट करायला कुठला घ्यावा?

साठच्या दशकातला फेंडर कंपनीचा बेस गिटार घेऊन स्वतः नीट करायचा असेल तर त्यांच्या प्रिसिजन आणि जॅझ या दोन मॉडेलांपैकी मी आधी प्रिसिजन बघेन. हा बेस आला 1951 ला, पण आपण ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) 1957 पासूनचा, त्यात हम (विजेची गुणगुण) आपोआप जातो आणि वायरिंग म्हणजे एक व्हॉल्यूम एक टोन, संपलं. स्क्रॅचप्लेट (बॉडीवरची पातळ झाकणपट्टी) उघडली की कोणी सोल्डर छेडलाय का ते लगेच कळतं. बेसवादक जेम्स जेमर्सनचा तो जाड, गोल आवाज याच बेसचा!

जॅझ 1960 चा. वरच्या टोकाला, तारा टेकतात त्या नटपाशी नेक (दांडा) दीडच इंच रुंद, लहान हातांना खरंच सुख, आणि दोन पिकअप असल्याने आवाजात कितीतरी छटा (बेसवादक जॅको पास्टोरियसचा प्रसिद्ध फ्रेटलेस, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या नसलेला बेस 1962 चा जॅझच होता). पण दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तरच हम जातो, शिवाय सुरुवातीच्या बेसना एकावर एक नॉब असायचे, तसला पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) गेला की जुनाच शोधत बसा.

दोन्हीत ट्रस रॉडचा (नेकमधल्या, तिचा बाक सरळ करणाऱ्या सळईचा) फिरवायचा नट बॉडीकडच्या टोकाला, म्हणजे तो फिरवायला नेक सैल करा किंवा काढाच. काढलाच तर नेकच्या टाचेवरची (बॉडीत बसणाऱ्या टोकावरची) तारीख बघा, पॉटवरचा नंबरही बघा, 137 किंवा 304 या पॉट बनवणाऱ्या कंपनीच्या कोडनंतरचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. आणि रंग उडालेला असला तरी प्लीज नवा मारू नका, मूळ लॅकर एकदा घासला की परत येत नाही आणि किंमतही धाडकन पडते.