रविवारी बंद असणाऱ्या मैदानाचं बुकिंग मला विकलं. 3,35,300 रुपये गेले

दोन महिने गप्प होते, कारण लाज वाटत होती. पण ज्या टूरवाल्याने मला हे विकलं, त्याच माणसाने आमच्या ओळखीतल्या आणखी एका घरी तेच स्कॉटलंडचं पॅकेज दाखवल्याचं परवा कळलं, म्हणून लिहितेय.

आमचे हे गेली नऊ वर्षं खारघरला गोल्फ खेळतात. सप्टेंबरमध्ये यांची साठी होती. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं समुद्राकाठचं गोल्फचं मैदान, ओल्ड कोर्स, आयुष्यात एकदा खेळायचं, हे यांचं जुनं स्वप्न. यांना न सांगता सगळं ठरवायचं, असं मी मनात धरलं होतं. मी काही भोळी नाही. 26 वर्षं अकाउंट्स सांभाळलेत. पाम बीच रोडलगतच्या टॉवरमध्ये नीट ऑफिस होतं, रिसेप्शनला मुलगी होती, पावतीवर जीएसटी नंबर होता. आणखी काय बघायचं माणसाने?

दोघांचं पॅकेज 4,86,000. मार्चमध्ये निम्मे, म्हणजे 2,43,000 भरले. एप्रिलमध्ये टीसीएसचे, म्हणजे परदेशी टूरवर कंपनीने गोळा करून सरकारला भरायच्या कराचे, पाच टक्के म्हणून 24,300. टीसीएस खरोखरच लागतो, त्यामुळे संशय आला नाही. मे महिन्यात टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, पक्के करायचे म्हणून 68,000. 'काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, काकांना फक्त विमानात बसवा,' हे तो दर वेळी म्हणायचा.

ते 68,000 भरायच्या आधी त्याने व्हाउचर पाठवलं. मी गॅसवर दूध ठेवून फोन हातात घेतला होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: ओल्ड कोर्स, 14 सप्टेंबर 2025, रविवार, सकाळी 9.40. रविवार! 2022च्या जुलैत तिथे दीडशेवी ओपन गोल्फ स्पर्धा झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी टीव्हीसमोर बसून यांनीच मला सांगितलं होतं की, अशी मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी हे मैदान खेळाला बंद असतं, गावातली माणसं तिथे कुत्र्यांना घेऊन फिरतात. ती गोष्ट मला इतकी आवडली होती की लक्षात राहिली होती. तरीही मी 'रविवार' वाचलं, जरा थबकले, दूध वर आलं म्हणून उठले, आणि परत येऊन पैसे पाठवून टाकले. विचारणार कुणाला? ज्यांना माहीत होतं त्यांच्यापासूनच तर लपवत होते. तो एक मिनिट मला आजही झोपू देत नाही.

जुलैत फोन बंद झाला. हॉटेलला मेल केली, तर तुमच्या नावाचं बुकिंगच नाही म्हणाले. मग एकेक कळत गेलं. व्हाउचरच्या पुढच्या ओळीत लोमंड तळ्याकाठचा गोल्फ क्लब होता. तो खासगी आहे, सभासदाचा पाहुणा म्हणूनच खेळता येतं. ओल्ड कोर्सला हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचं, कार्ड दाखवावं लागतं. यांचा हँडिकॅप किती, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. तिथे खेळायच्या वेळांसाठी सिडकोच्या घरांसारखी सोडत निघते, तीही दोन दिवस आधी. आधीपासून पक्की वेळ हवी तर ठरावीक अधिकृत टूर कंपन्या आहेत आणि त्यांची यादी तिथल्या संकेतस्थळावर आहे. आधी ती यादी बघा, मग ऑफिसची पायरी चढा.

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर कपड्यांच्या दुकानाचं नाव आलं. हे दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा. टीसीएसचे 24,300 माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर जमा दाखवणाऱ्या उताऱ्यात, आलेच नाहीत. आणि पैसे गेले होते ते कंपनीच्या खात्यात नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यात! अकाउंट्सवालीने हे पाहिलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पोलीस ठाण्यात साडेतीन तास बसवलं. म्हणे, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. दुसऱ्या दिवशी म्हणे, ऑफिस आमच्या हद्दीत नाही. तिथे गेले तर म्हणे, खातं दुसऱ्या शहरातलं आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, बीएनएसएसच्या कलम 173 प्रमाणे, हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावीच लागते. मी हे छापून नेलं, तर साहेब म्हणाले, 'मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका.' हे सगळं ऐकताना यांना बाजूला बसून राहावं लागलं, वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी. बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी तक्रारीचा नंबर दिला, पण पैसे केव्हाच काढून झाले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या तासातच 1930 लावा, रक्कम पुढे जायच्या आत अडकवता येते. ठाण्यात जाऊन बसण्यात तो तास घालवू नका.

सोमवारी पुन्हा बोलावलंय, त्याच व्यवहारांच्या प्रती तिसऱ्यांदा द्यायला. या वेळी पोचपावती घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही.