वॉरफरीन की एपिक्साबॅन? मेंदूतल्या रक्तस्रावाची धास्ती असणाऱ्यांसाठी

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं की रक्त पातळ करणारी गोळी लागते, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पॅरॅलिसिसचा झटका टळावा म्हणून घ्यायची ती गोळी, आणि तिच्यामुळेच मेंदूत रक्तस्राव झाला तर? मी आधी वॉरफरीन घेत होतो, आता एपिक्साबॅन घेतो. आपल्याकडे पुष्कळांना एसिनोकोमारॉल देतात, ते वॉरफरीनच्याच घरातलं.

पण हृदयात धातूची झडप बसवली असेल, किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप चांगलीच अरुंद झाली असेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे वॉरफरीनच्या घरातलं जुनं औषधच. २०२२ मध्ये संधिवाती हृदयविकारावरचा मोठा अभ्यास आला, त्यातही एपिक्साबॅनसारख्याच नव्या रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली.

बाकीच्यांसाठी २०११ चा एपिक्साबॅनचा अभ्यास महत्त्वाचा. अठरा हजारांवर रुग्ण होते. कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचं प्रमाण वॉरफरीनवर वर्षाला ०.८० टक्के, एपिक्साबॅनवर ०.३३ टक्के. डॅबिगॅट्रॅन या आणखी एका नव्या गोळीनेही हा धोका बराच कमी केला. रिव्हारोक्सॅबॅनचा फरक त्या मानाने लहान.

रक्तस्राव झालाच तर मात्र चित्र इतकं सोपं राहत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या सुमारे १ लाख ४१ हजार अमेरिकन रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वॉरफरीन घेणाऱ्यांपैकी शंभरातले साधारण ३३ रुग्णालयातच दगावले, नव्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७, आणि कुठलीच अशी गोळी न घेणाऱ्यांपैकी २३. म्हणजे नवी गोळी बरी, पण अभय देत नाही. उताऱ्याच्या बाबतीत वॉरफरीनची बाजू भक्कम आहे. व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन देऊन त्याचा परिणाम उलटवता येतो, आणि ही पद्धत डॉक्टरांच्या हातात मुरलेली आहे. डॅबिगॅट्रॅनला स्वतःचा उतारा आहे, पण जवळच्या हॉस्पिटलात तो मिळेल का, हे आधी विचारून ठेवा. एपिक्साबॅनसाठी बहुधा तेच घटकांचं इंजेक्शन वापरतात. नेहमीच्या आयएनआरवरून (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा, वॉरफरीनवर तपासत राहायचा आकडा) एपिक्साबॅनचा परिणाम नीट कळत नाही, त्यामुळे गोळीचं नाव आणि वेळा लिहिलेली चिठ्ठी मी पाकिटात ठेवतो.

इतकं सगळं वाचून समजून घेतलं, तरी माझा निर्णय झाला तो आयएनआरमुळे. दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा तो आकडा माझ्याकडे कधी थाऱ्यावर राहिलाच नाही. हिवाळ्यात बुधवारच्या बाजारात गोदाकाठी मेथी-पालकाच्या जुड्यांचे ढीग लागतात, घरात रोज पालेभाजी होते आणि तिच्यातल्या व्हिटॅमिन केमुळे आकडा खाली येतो. पावसाळ्यात भाजी महागली की तो वर चढतो. डॉक्टर सांगायचे, पालेभाजी सोडू नका, फक्त रोज सारखीच खा. नाशिकमध्ये राहून बारा महिने सारखीच मेथी खायची कशी? त्यात दाताच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक घेतलं आणि आकडा चारच्या वर गेला. परत रक्त द्या, रिपोर्टची वाट बघा, गोळीचा पाव तुकडा करा. आकडा चढलेला असायचा त्या रात्री नुसतं डोकं दुखलं तरी घरातलं कोणी झोपायचं नाही. वॉरफरीनवर आकडा जितका वर जातो, तितकी मेंदूतल्या रक्तस्रावाची जोखीम वाढते, त्यामुळे ती भीती उगाच नव्हती.

एपिक्साबॅनवर आल्यापासून ही धास्ती गेली. मी मेथी पोटभर खातो. अर्थात ही गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते, आणि एक-दोन वेळा चुकली की संरक्षणच जातं, कारण तिचा असर लवकर उतरतो. विसराळू माणसाला घरातल्या कुणीतरी आठवण करायला हवी. किडनीची तपासणी अधूनमधून करावीच लागते. खर्च वॉरफरीनपेक्षा जास्त, पण जेनेरिक आल्यापासून तो पूर्वीइतका जड वाटत नाही. डॅबिगॅट्रॅनचा विचार मी ॲसिडिटीमुळे सोडला.

वडील पंच्याहत्तरीपुढचे, अशक्त झालेले आणि वॉरफरीनवर वर्षानुवर्षं स्थिर असतील, तर मी बदलाचा आग्रह धरणार नाही. नेदरलँड्समधल्या २०२३ च्या अभ्यासात अशा वृद्धांना नव्या गोळीवर आणल्यावर एकूण रक्तस्राव वाढलेला दिसला. आयएनआर सतत हलत असेल, लॅब लांब असेल, किंवा आता नव्यानेच गोळी सुरू होत असेल, तर माझं मत एपिक्साबॅनकडे झुकतं. गोळी कुठलीही असो, ब्लडप्रेशर आवरलेलं हवं आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. मेंदूच्या दृष्टीने या दोन गोष्टींना मी गोळीच्या नावाइतकंच वजन देतो.

बदल ठरला, तर वॉरफरीन थांबवून आयएनआर दोनच्या खाली आल्यावर एपिक्साबॅन सुरू करतात. कुठली गोळी कोणत्या तारखेला बंद आणि कुठली कधी चालू, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, म्हणजे दोन्ही एकाच वेळी पोटात जाणार नाहीत.