ई-एससीआर: निवाडा हाती येतो, तो आज टिकतो का ते आपण पाहायचं

ई-एससीआर, म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’ या सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निवाडासंग्रहाची मोफत ऑनलाइन सेवा, 2 जानेवारी 2023 रोजी सुरू झाली. वर्गणी नाही, कॅप्चा भरा आणि शोधा. ती किती कामाची, हे एका अवघड प्रश्नावर पारखू: सरकारी नोकराच्या चुकीबद्दल सरकारकडून भरपाई मागता येते का?

या प्रश्नावरचे दोन जुने निवाडे म्हणजे ‘विद्यावती’ आणि ‘कस्तुरीलाल’. ते शोधताना पहिली ठेच स्पेलिंगची. ‘विद्यावती’ खटल्याच्या अधिकृत नावात डी नंतर एच आहे, ‘कस्तुरीलाल’ कुठे एक शब्द तर कुठे दोन. नावापेक्षा वर्ष आणि खंड टाकावा. तिथेही मेख आहे: कस्तुरीलालचा निकाल सप्टेंबर 1964 चा, पण छापला 1965 च्या पहिल्या खंडात, पान 375 वर. खंडाच्या रकान्यात 1964 टाकून तो कसा मिळेल?

आता खरा पेच. 1962 च्या विद्यावती निवाड्यात दुरुस्तीहून परत आणल्या जाणाऱ्या सरकारी जीपच्या चालकाच्या हलगर्जीपणासाठी राजस्थान सरकारला जबाबदार धरलं. कस्तुरीलालमध्ये पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हेड कॉन्स्टेबलनेच लांबवलं, तरी दावा फेटाळला. अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार, म्हणजे फक्त राज्यसत्तेलाच वापरता येणारे, म्हणून. निवाडा लिहिणाऱ्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनाही ही स्थिती पटलेली नव्हती. कायदा करण्याचा विचार व्हावा, असं त्यांनी त्यातच सुचवलं.

हे दोन्ही निवाडे पाच न्यायमूर्तींचे. पुढे 1993 मध्ये नीलाबती बेहरा खटल्यात तिघांच्या पीठाने कोठडीतल्या मृत्यूबद्दल दीड लाख रुपये भरपाई दिली आणि मूलभूत हक्कांच्या रिटमध्ये (हक्करक्षणासाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जात) सार्वभौम संरक्षणाचा बचाव चालत नाही, असं सांगितलं. 1994 च्या नागेंद्र राव निवाड्यात जप्त मालाच्या नासाडीबद्दल सरकारला जबाबदार धरलं, पण ते पीठ दोघांचंच. दोघांचं पीठ पाचांचा निवाडा रद्द करू शकत नाही. समोरचा खटला वेगळा आहे, म्हणून तो इथे लागू नाही, असं म्हणू शकतं, इतकंच. म्हणून पीठसंख्येची चाळणी, म्हणजे किती न्यायमूर्तींचा निवाडा यावरून निकाल गाळणं, हा या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग, आणि नेमकी तीच बरेच जण वापरत नाहीत.

नुसता मजकूर उघडून कस्तुरीलाल आज कितपत जिवंत आहे, हे कळत नाही. खटल्याचं नाव अवतरणचिन्हांत टाकून नंतरच्या वर्षांतले उल्लेख काढा, ‘शोधात शोध’ वापरून ते कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी तो अनुसरला की वेगळा ठरवला, ते वाचा. तास-दीड तास जातो. पैसे घेणाऱ्या सेवा निवाड्याचं पुढे काय झालं ते खुणांनी दाखवून हे काम सोपं करतात. फरक आहे तो इथेच. हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, विसंबू नये, ती निवाड्याचा भाग नसते.

उच्च न्यायालयांचे निकाल इथे नाहीत. त्यासाठी ई-कोर्ट्सचं निवाडा पोर्टल वेगळं. आणि दिवाणी दावाच लावायचा असेल तर शोधाच्या नादात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस राहून जाऊ देऊ नका.

काही निवाड्यांचे मराठी अनुवादही मिळतात. पक्षकाराला समजावायला छान, पण ते तेवढ्यापुरतेच, अशी टीप त्यांवरच असते. अर्जाला जोडायची ती इंग्रजी प्रत.